उचललेला हात

लातूर, सोमवार, २८ जुलै २०२५

ज्याच्या भाळी तिसरा नेत्र आहे आणि जो तो बहुधा मिटूनच ठेवतो, त्या सिद्धेश्वराच्या चरणी मस्तक ठेवून आणि गळ्यातील इष्टलिंगास स्पर्श करून ही वही आरंभितो. जे घडेल ते लिहीन. रागाने लिहिले गेले तर रागासकट राहू देईन. लिहिलेले खोडण्याची मला सवय नाही.

आज श्रावणातील पहिला सोमवार. उपवासाच्या दिवशी क्रोध करू नये, हे मी चौतीस वर्षे संस्कृतच्या वर्गात शिकवले. आज स्वतः पाळू शकलो नाही.

सायंकाळी फराळाच्या वेळी चिरंजीव शिवकुमार दुकानातून आला आणि चप्पल काढता काढताच म्हणाला, "अप्पा, अक्षराचं नाव घालून आलो डॉक्टरकीच्या क्लासला. जानेवारीपासून निवासी बॅच. सकाळी सहा ते रात्री दहा. ते पिस्तूल-बिस्तूल आता बंद."

"तिला विचारलेस?"

"तिला काय विचारायचं? परगावचे लोक खोल्या घेऊन पोरं इथं ठेवून राहिलेत, अन् आपण लातुरात असून आपली पोरगी पत्र्याच्या शेडात छर्रे उडवून राहिली."

अक्षरा माझी नात, सोळा वर्षांची, अकरावीत. दोन वर्षे ती बार्शी रस्त्यावरील कापसाच्या एका बंद जिनिंगच्या शेडमध्ये हवेच्या पिस्तुलाने दहा मीटरवरील निशाणा साधण्यास शिकते आहे. पोरगी वाद घालत नाही. तिने मुकाट्याने एक कागद बापापुढे ठेवला. डिसेंबरात नांदेडला 'दोन पिढ्यांची जोडी' अशी स्पर्धा आहे. एकाच घरातील एक तरुण आणि एक वडीलधारा, दोघांनी प्रत्येकी वीस छर्रे मारायचे. पहिल्या तीन जोड्यांतील तरुणांस विभागाच्या संघाबरोबर वर्षभर शिक्षण मिळणार.

शिवकुमारने कागद वाचला. "ये पहिल्या तिनात. आलीस तर क्लासवाल्याशी बोलतो. न्हाई तर नाव घातलंय, आता माघार न्हाई. काय अप्पा? उचललेलं पाऊल मागं घ्यायचं नसतं, तुम्हीच शिकवलंय ना?"

माझेच वाक्य माझ्याच ताटात असे फेकलेले पाहून मला जो संताप आला, तो शब्दांत मावणारा नाही. ते वाक्य मी सन्मार्गाविषयी सांगितले होते, क्लासच्या नोंदवहीविषयी नव्हे!

जोडीला कोण, हा प्रश्न उरला. शिवकुमारला वेळ नाही. सूनबाई मंजुश्रीला फटाक्याच्या आवाजानेही घेरी येते. आमच्या सौभाग्यवती दानम्मा म्हणाल्या, "द्या माझ्या हातात. पन्नास वर्षं यांच्यावर नजर ठेवून हाय. एकदाबी नेम चुकला न्हाई."

सगळे हसले. अक्षरा मात्र माझ्याकडे पाहत होती. "अज्जा, तुम्ही पूजेला बसता तेव्हा डाव्या तळहातावर लिंग अर्धा अर्धा तास धरता. हात तसूभर हलत न्हाई. मी लहानपणापासून बघते."

मी बहात्तर वर्षांचा आहे. मी हो म्हणालो.

रविवार, ३ ऑगस्ट

शेषेराव या शेडचे गुरू. मुरुडचे, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मिशी भरघोस, विनय अल्प.

"गुरुजी, आडवं उभं राहा. उजवा हात सरळ. डावा हात खिशात."

"मला खिसा नाही," मी म्हणालो. मी धोतर नेसतो. गेली पन्नास वर्षे नेसतो.

"मग कंबरेला खोवा. पण ठेवा कुठंतरी. लटकता हात नेम खातो."

पिस्तूल सुमारे किलोभर वजनाचे. हात लांब करून धरले की आठ-दहा श्वासांत ते मणभर होते. पहिले दहा छर्रे मारले, त्यांतले तीन कागदावर दिसले. उरलेले कोठे गेले, असे विचारता शेषेराव म्हणाले, "ते परमेश्वराला ठाऊक, अन् भिंतीला."

परमेश्वराचे नाव घेऊन कोणी माझी थट्टा करावी, हे मला खपत नाही. पण उद्या पुन्हा जाईन.

मंगळवार, १९ ऑगस्ट

आज तत्त्वाचा वाद झाला. तो नोंदवून ठेवणे अवश्य आहे.

मी पिस्तूल उचलण्यापूर्वी मनात पंचाक्षरी मंत्र म्हणतो, मग हात वर नेतो. निशाण स्थिर होईपर्यंत धरतो. पंधरा, वीस, प्रसंगी तीस सेकंद. मग छर्रा सोडतो.

शेषेराव मागून ओरडले, "खाली घ्या! गुरुजी, हात खाली घ्या की! आठ सेकंद झाले की तो छर्रा मेला समजा. डोळा थकतो, हात थरथरतो. खाली घ्या, दोन श्वास घ्या, परत उचला."

मी म्हणालो, "मंत्र म्हणून उचललेला हात काम न करता खाली घेणे म्हणजे संकल्पभंग. पाणी सोडल्यावर कोणी उठून जात नाही."

"ही पूजा न्हाई हो. नेम हाय."

"एकाग्रतेने केलेले प्रत्येक कर्म पूजाच असते, शेषेराव. नाही तर ते करू नये."

त्यांनी टोपी काढून डोके खाजवले. "सैन्यात तुमच्यासारखे दोन असते ना, तर शत्रूनंच येऊन सांगितलं असतं, बाबा, दम घ्या."

शेडमधील पोरे हसली. अक्षरा हसली नाही. माझ्या आदराखातर ती हसली नाही, याचे मला समाधान वाटले.

रविवार, १४ सप्टेंबर

घरी गच्चीवर भिंतीला काळे वर्तुळ चिकटवून रोज सायंकाळी आम्ही रिकामे पिस्तूल धरून सराव करतो. अक्षराही पूर्वी हात वारंवार खाली घेई. पाच वेळा उचलावे, तीन वेळा खाली घ्यावे. मला ते चंचलतेचे लक्षण वाटे. मी तिला बसवून समजावले: उचलण्यापूर्वी विचार करावा, उचलल्यावर करू नये. ज्याने माघारीचे दार उघडे ठेवले, त्याचा निश्चय त्याच दाराने निसटतो.

तिने विचारले, "पण अज्जा, नेम बसतच नसंल तर?"

"बसेपर्यंत धरायचे."

"हाव," ती म्हणाली.

आता ती एकदाही हात खाली घेत नाही. माझी शिष्या व्हायला चौतीस वर्षांत इतकी आज्ञाधारक कोणी आली नव्हती.

माझे स्वतःचे गुण वीस छर्ऱ्यांत एकशे एकतीस झाले आहेत. दोनशेपैकी. मागील महिन्यात सत्तर होते.

गुरुवार, २ ऑक्टोबर, विजयादशमी

शस्त्रपूजन. आमच्या घरी शस्त्र म्हणजे दानम्मांची विळी आणि माझी लेखणी. यंदा शेडमधून सरावासाठी मागून आणलेले पिस्तूलही अक्षराने पूजेत मांडले, त्यास भस्म आणि फूल वाहिले.

आनंदाच्या दिवशी एक खेद. अक्षराचे गुण उतरत आहेत. जुलैत एकशे चौऱ्याऐंशी होते. परवा एकशे बहात्तर. कारण उघड आहे: तो मोबाइल. दृष्टीचे आणि मनाचे त्याने जे वाटोळे केले आहे, त्यास सीमा नाही. मी तिला तसे सांगितले. तिने तत्काळ तो कपाटात ठेवला, आठ दिवस काढला नाही. तरी गुण वाढले नाहीत. म्हणजे विष किती खोल गेले आहे, पाहा!

दानम्मा म्हणतात, "पोरीच्या खांद्याला रोज तेल लावून माझी बोटं झिजली. रात्री कुशीवर वळली की कण्हते. काय शिकवून राहिलात तुम्ही तिला?"

"निश्चय," मी म्हणालो.

"निश्चय खांद्यात धरतात व्हय?"

स्त्रियांस तात्त्विक चर्चेत उपमांचा विपर्यास करण्याची सवय असते.

रविवार, ९ नोव्हेंबर

शेषेरावांनी आज सर्वांसमक्ष मर्यादा सोडली. अक्षराला सहाचा ठोका लागला, म्हणजे एका छर्ऱ्यास दहापैकी सहाच गुण. त्यांनी तिला बाजूला घेतले नाही, मला घेतले.

"गुरुजी, तुमचं वय बघून इतके दिवस गप्प बसलो. पोरगी बिघडवली तुम्ही. अठरा-अठरा सेकंद धरती. म्हणलं का धरती गं, तर म्हणती, अज्जाचा शब्द हाय. माझा शब्द कुठं गेला?"

"ती माझी नात आहे."

"नांदेडला नातं दिसत न्हाई. पडद्यावर आकडा दिसतो."

मी त्यांना शांतपणे, निदान मला शांतपणे वाटले, एक दृष्टान्त दिला. तो येथेही लिहितो, कारण तो माझ्या घरचा आहे.

शिवकुमार एकोणीस वर्षांचा होता. परभणीच्या कृषी महाविद्यालयातून त्याच्या प्रवेशाचे पत्र आले होते. पण त्याआधीच मी त्याच्या मामास, शरणप्पांस, शब्द दिला होता की मुलगा गंजगोलाईतील तुमच्या डाळीच्या दुकानात बसेल. तो बसला. दीड महिन्याने एका दुपारी ते पत्र हातात घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, अजून मुदत आहे, अप्पा. मी उंबऱ्यावरूनच सांगितले: उचललेले पाऊल मागे घ्यायचे नसते. तो वळला आणि परत दुकानात गेला. पाणीसुद्धा प्यायला नाही. आज ते दुकान त्याचे आहे, त्याच्या शब्दाला बाजारात मान आहे. याला म्हणतात निश्चयाचे फळ.

शेषेरावांनी ऐकून घेतले, टोपी झटकली. मग एवढेच म्हणाले, "अन् पत्राचं काय झालं?"

हा काय प्रश्न झाला? मला ठाऊक नाही पत्राचे काय झाले. सत्तावीस वर्षे होऊन गेली.

शुक्रवार, १२ डिसेंबर, नांदेड

सकाळी लातूर सोडले. अहमदपुरानंतर रस्ता उखडलेला. बसमध्ये हाडांची मोजदाद झाली. लोह्याला बस थांबली. माळेगावच्या यात्रेला निघालेली घोडी, गाढवे, उंट रस्त्याकडेने चालली होती. एक उंट आमच्या खिडकीत तोंड घालून अक्षराकडे पाहू लागला. ती मनापासून हसली. कित्येक आठवड्यांनी हसली, असे मला तेव्हा जाणवले.

उतरलो गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात. लंगरात पंगतीला बसलो. वाढणाऱ्याने न विचारता माझ्या पानात मऊ पोळी ठेवली. माझ्या दातांची दशा त्याने एका दृष्टीत ओळखली. पाहणे म्हणजे काय, ते अशा लोकांकडून शिकावे.

शिवकुमारला नांदेडच्या नव्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, काम आहे. तो रविवारी परस्पर मैदानावर येईन म्हणाला. "निकाल बघायला," असे म्हणाला. सामना बघायला म्हणाला नाही.

शनिवार, १३ डिसेंबर

आज ओळी वाकड्या येत आहेत, आणि त्या वयाने नव्हे.

स्पर्धेपूर्वी प्रत्येकाची शस्त्रे व वस्त्रे तपासतात. तपासणीच्या मेजावर भुजंगराव नावाचे एक गृहस्थ होते. पिस्तूल तोलले, त्याचा घोडा किती वजनाने दबतो ते पाहिले, धोतराकडे पाहून भुवया उंचावल्या; तेथवर मी सहन केले. मग त्यांचे बोट माझ्या छातीकडे आले.

"बाबा, ह्या सदऱ्याखाली काय हाय? डबी?"

"इष्टलिंग."

"ते काढून इथं ठेवा. अंगावर कडक वस्तू चालणार न्हाई. आधाराला वापरता येती."

मी विचारले, "आपण काय म्हणालात?"

त्यांनी पुन्हा म्हटले. पुन्हा म्हटले!

आमच्यात जन्मल्यावर बाळाच्या गळ्यात लिंग बांधतात आणि ते मातीतही त्याच्याबरोबरच जाते. माझ्या बहात्तर वर्षांत ते एक क्षण देहावेगळे झालेले नाही. ताप आला, शस्त्रक्रिया झाली, तेव्हा डॉक्टरांनी ते माझ्या मनगटास बांधले, पण काढले नाही. आणि हे गृहस्थ प्लास्टिकचा एक ट्रे पुढे सरकवतात, ज्यात कोणाची तरी किल्ली आणि अर्धवट खाल्लेला बिस्किटाचा पुडा आहे, आणि म्हणतात, येथे ठेवा!

मी बोललो. किती वेळ बोललो ते आठवत नाही. मागे रांग लागली होती. देगलूरची एक आई आणि मुलगा यांची जोडी होती. ती आई आपल्या मुलाला हळूच तेलुगूत काही सांगत होती आणि तो मान डोलावत होता. मी म्हणालो, की स्पर्धा गेली तरी चालेल, लिंग निघणार नाही. अक्षराचा चेहरा पांढरा पडला. मी ते पाहिले आणि तरीही म्हणालो.

शेवटी मुख्य पंच बाई आल्या. नियमांचे पुस्तक उघडले, पाने उलटली. "भुजंगराव, गळ्यातल्या वस्तूबद्दल यात काही नाही. हाताला, मनगटाला आधार नको, एवढंच. बाबा, तुम्ही सदऱ्याचं बटण लावा आणि जा."

भुजंगराव उठून उभे राहिले, कान पकडले. "बाबा, चुकलं माझं. मला म्हाईत नव्हतं."

मी क्षमा केली नाही. मी बटण लावले आणि निघालो.

बाहेर आल्यावर अक्षरा म्हणाली, "अज्जा, भुजंगरावांनीबी शेवटी हात खाली घेतलाच ना. मग?"

मुलीला काय म्हणायचे होते, ते मी विचारले नाही. मी फार संतापलो होतो.

रविवार, १४ डिसेंबर

सायंकाळ. यात्री निवासाच्या व्हरांड्यात बसलो आहे. क्रमाने लिहितो.

सोळा जोड्या होत्या. अक्षरा माझ्या डाव्या बाजूस, हाताच्या अंतरावर. नियम असा की सामना सुरू झाल्यावर जोडीदारांनी एकमेकांशी चकार शब्द बोलायचा नाही; बोलल्यास गुण कापतात. पंचवीस मिनिटांत वीस छर्रे. मागे खुर्च्यांवर माणसे. शिवकुमार आला होता. शेषेरावांच्या शेजारी बसला होता, हातांची घडी घालून.

माझा आरंभ चांगला झाला. आठ, नऊ, सात, आठ. सभोवती नुसते फट् फट् आवाज. मी डावा हात कंबरेस खोवून पंचाक्षरीत बुडालो होतो.

सतरा मिनिटे झाली तेव्हा समोरच्या मोठ्या पडद्यावर आम्ही तिसरे होतो. मी तो पाहायला नको होता. अक्षरानेही पाहिला.

त्यानंतर तिचा सात लागला. मग आठ. मी कान देऊन होतो. तिच्या दोन छर्ऱ्यांमधील अंतर वाढत चालले होते. माझे एकोणीस झाले. तिचे अठरा. घड्याळात अडीच मिनिटे होती. मी मंत्र म्हटला, शेवटच्या छर्ऱ्यासाठी हात उचलला.

त्याच क्षणी तिनेही उचलला होता.

माझी दृष्टी समोर असायला हवी होती. ती डावीकडे गेली. तिच्या पिस्तुलाचे टोक वाऱ्यातील वातीप्रमाणे हलत होते. आठ सेकंद. बारा. तिच्या खांद्याची नस वर आली होती, खालचा ओठ दातांखाली होता. पंधरा. तो खांदा, ज्यास रोज रात्री तेल लागत होते. ती खाली घेणार नव्हती. मीच सांगितले होते. आणि मला बोलता येत नव्हते.

चौतीस वर्षे मी बोलून शिकवले. आज बोलण्यास बंदी होती.

मी हात खाली घेतला.

नुसता घेतला नाही. पिस्तूल मेजावर ठेवले, आवाज होईल असे ठेवले, आणि उजवा हात छातीवर, लिंगावर ठेवून उभा राहिलो. मंत्र म्हटलेला, हात उचललेला, काम न केलेले. माझ्या आयुष्यातील पहिला संकल्पभंग, शंभर माणसांदेखत.

आवाजाने तिची नजर वळली. तिने माझ्या मेजावरील पिस्तूल पाहिले, माझा हात पाहिला. एक क्षण तिला ते उमगेना. मग तिचा हातही हळूहळू खाली आला. तिने डोळे मिटले. एक श्वास. दुसरा श्वास. मी मोजत होतो. मग तिने हात उचलला आणि सहा सेकंदांत छर्रा सोडला.

दहा.

पुन्हा उचलला, मध्येच खाली घेतला, माझ्याकडे न पाहता घेतला. पुन्हा उचलला.

दहा.

मी पाहतच राहिलो. शिट्टी झाली तेव्हा माझा शेवटचा छर्रा पिस्तुलातच होता. मारायचे राहिले, हे मला शिट्टीनंतर आठवले.

माझे एकशे सेहेचाळीस, तिचे एकशे ऐंशी. एकूण तीनशे सव्वीस. तिसऱ्या जोडीचे, त्या देगलूरच्या मायलेकांचे, तीनशे बत्तीस. मला सातचा ठोका जरी लागला असता तरी आम्ही तिसरे होतो. चौथे आलो.

जो तो येऊन सांत्वन करू लागला. "बाबा, ह्या वयात एवढं केलंत." "बाबा, शेवटी हात दमला का?" मला या लोकांचा असा संताप आला! माझा हात दमला नव्हता. माझा हात आज प्रथमच स्थिर होता. पण हे कोणास सांगणार?

शेषेराव आले. ओरडतील असे वाटले. त्यांनी वाकून माझ्या पायांस हात लावला आणि मिशीतल्या मिशीत म्हणाले, "चार महिने घसा फोडला मी. तुम्ही मेजावर ठेवून सांगितलं."

अक्षरा गळ्यात पडून रडत होती. "अज्जा, माझ्यामुळं गेला तुमचा छर्रा. माझ्यामुळं गेलं सगळं."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्यामुळे गेले होते. जुलैपासून जात होते. हे लिहिण्यास मला तीन वेळा लेखणी खाली ठेवावी लागली. ठेवली. पुन्हा उचलली. लिहिले.

सोमवार, १५ डिसेंबर, लातूर

परतीचा प्रवास शिवकुमारच्या गाडीतून. अक्षरा मागे झोपली होती. लोह्यापर्यंत तो रस्त्यातले खड्डे चुकवत राहिला. तेथे चहाला थांबलो. त्याने कप हातात धरला, प्यायला नाही.

"अप्पा, तुम्ही हात खाली घेतला."

"घेतला."

"मी बघितलं. बघून विश्वास बसला न्हाई." थोड्या वेळाने, "ते परभणीचं पत्र अजून हाय माझ्याकडं. गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात."

मी म्हणालो, "त्याचा येथे काय संबंध?"

"काही न्हाई. सहज सांगितलं."

मला राग आला. सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट चहाच्या टपरीवर, उंटांच्या गर्दीत, का काढावी? मी तसे म्हणणार होतो. मग त्याच्या हाताकडे लक्ष गेले. कप धरलेला हात थरथरत होता; आठ सेकंदांहून फार, फार अधिक काळ धरून ठेवलेल्या हातासारखा.

मी त्याचा कप काढून घेऊन बाकावर ठेवला. "निवू दे," म्हणालो. "मग पी."

आणखी काही सांगायला हवे होते. त्या दिवशी उंबऱ्यावर मी त्याला पाणीसुद्धा विचारले नव्हते.

बुधवार, १७ डिसेंबर

आज दुपारी शिवकुमार क्लासच्या कचेरीत गेला होता. दानम्मांना भाचीकडून सविस्तर वृत्तान्त मिळाला. ती तिथेच कामाला आहे. कचेरीतील माणूस म्हणाला, एकदा घातलेले नाव काढता येत नाही. तेव्हा आमचे चिरंजीव खुर्चीवरून उठले आणि पाऊण तास बोलले. "हुबेहूब तुम्ही," दानम्मा पदर तोंडाला लावून सांगत होत्या. "धोतर तेवढं नव्हतं." शेवटी त्या माणसाने नाव खोडले, केवळ आपली सुटका व्हावी म्हणून.

विभागाच्या संघात जागा मिळालेली नाही. ते वर्ष गेले. पण सायंकाळी शिवकुमारने जोडे काढले आणि अक्षराला म्हणाला, "कॉलेज कर, संध्याकाळी शेडात जा. पुढल्या डिसेंबरात परत नांदेड. नाव काढून आलो मी. घेता येतो हात खाली."

पोरगी अंगणभर नाचली. मग थबकली. "पण पप्पा, जोडीला कोण? अज्जाच ना?"

"तुझ्या अज्जाचा एक छर्रा बाकी हाय अजून," तो म्हणाला. "पण मलाबी शिकव तोवर. खिसा हाय मला."

त्यावर मी रागावलो. बहात्तराव्या वर्षी मिळवलेली जागा कोणी अशी सहज मागावी, हे मला मान्य नाही. आणि तसे मी स्पष्ट बजावले आहे.

रात्रीच्या पूजेत लिंग तळहातावर धरले. किती वेळ धरले ते आज मोजले नाही. हात भरून आला तेव्हा खाली मांडीवर विसावू दिला, लिंगासकट, आणि पुन्हा वर घेतला. काही बिघडले नाही. ज्याच्या भाळी तो नेत्र आहे, त्यानेही तो उघडण्यासाठी उचललेली पापणी किती वेळा तशीच मिटून घेतली असेल. नाही तर हे जग उरलेच नसते.

वही येथे मिटतो. ती कधी कोणाच्या हाती पडली तर वाचणाऱ्यास, त्याच्या लेकरांस आणि वडिलांस, नांदेडच्या भुजंगरावांसही, हे त्यांच्यापर्यंत कधी पोहोचणार नाही तरी, माझा आशीर्वाद आहे: तुमचा नेम बसो. आणि बसत नसेल त्या वेळी हात खाली घेण्याचे बळ तुम्हांस मिळो. खाली आलेला हात धरणारे कोणी तुमच्या शेजारी उभे असो. शिव तुमचे कल्याण करो.